शेतात, घराच्या पायात, ओढ्यात जुनी धातूची वस्तू सापडली तर?

नांगरटीत, विहीर खोदताना, घराचा पाया काढताना किंवा पावसाने खचलेल्या बांधात एखादी जुनी धातूची वस्तू हाती लागते आणि घरात चर्चा सुरू होते. ही कशाची? किती जुनी? ठेवून घेतली तर चालेल का? सरकारदरबारी कळवले तर शेत तर जाणार नाही ना? वाचक हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. मेटल डिटेक्टर आता सहज विकत मिळू लागल्याने त्यांत आणखी भर पडली आहे. २०२५ च्या मार्चमध्ये बऱ्हाणपूरजवळच्या असीरगड परिसरात लोक रात्री बॅटऱ्या आणि डिटेक्टर घेऊन मुघलकालीन सोन्याच्या आशेने शेते उकरत होते. त्या बातम्या तुम्हीही पाहिल्या असतील.

अशी वस्तू सापडल्यावर काय करायचे, ती घरच्या घरी कितपत ओळखता येते, कायदा काय सांगतो आणि तुमचा हक्क किती, हे इथे क्रमाने दिले आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. वस्तू कुठे, किती खोल आणि कशाशेजारी होती, ही माहिती वस्तूइतकीच मोलाची असते आणि ती एकदा हरवली की परत मिळत नाही.

सर्वांत आधी: धोका आहे का?

लोखंडी गोळा किंवा नळकांडे दिसले तर ओळखण्याच्या फंदात पडण्याआधी दोन पावले मागे या.

- भरीव लोखंडी तोफगोळा निरुपद्रवी असतो. पोकळ गोळ्यात मात्र दारू भरलेली असू शकते. अशा गोळ्याला वातीसाठी एक भोक असते. गंजाने ते बुजलेले असले तर वरवर पाहून भरीव आणि पोकळ यांतला फरक कळत नाही.
- टोकदार नळकांड्यासारखी, शेपटीला पंख असलेली किंवा तांब्याचा पट्टा असलेली वस्तू आधुनिक दारूगोळ्याची असू शकते.
- अशी वस्तू उचलू नका, ठोकून पाहू नका, भंगारवाल्याला देऊ नका. मुलांना आणि जनावरांना दूर ठेवा आणि ११२ वर कळवा.
- शिशाच्या गोळ्या किंवा तुकडे हाताळले तर जेवणाआधी हात साबणाने धुवा. शिसे विषारी असते.

पहिल्या पाच मिनिटांत काय करावे

१. खोदाई थांबवा. आणखी काही मिळते का, हे पाहण्यासाठी खड्डा मोठा करू नका.
२. वस्तू जागेवर असतानाच फोटो काढा. शेजारी फूटपट्टी किंवा दहा रुपयांचे नाणे ठेवा, म्हणजे आकार कळतो. एक फोटो जवळून आणि एक लांबून काढा. लांबच्या फोटोत विहीर, झाड, बांध अशी कायमची खूण दिसू द्या.
३. मोबाइलच्या नकाशावर ठिकाण जतन करा. गट क्रमांक, तारीख, वेळ आणि वरच्या मातीपासूनची खोली लिहून ठेवा.
४. आजूबाजूला खापरे, राख, जुन्या विटा, हाडे किंवा शंखाच्या बांगड्यांचे तुकडे आहेत का, ते पाहा आणि टिपून घ्या.
५. वस्तू काढावीच लागली तर चिकटलेल्या मातीसकट काढा.

एवढा खटाटोप का, हे दायमाबादच्या उदाहरणावरून समजेल. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी असलेल्या या गावात १९७४ मध्ये झाडाची मुळे खणताना तांब्या-काशाच्या चार मोठ्या वस्तू निघाल्या: बैलांचा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक आहे. त्यांची ख्याती जगभर झाली, पण त्या नेमक्या कोणत्या काळातल्या यावर विद्वानांत मतभेद राहिले. शास्त्रीय उत्खननात त्या थरासह नोंदल्या गेल्या नव्हत्या, हे त्याचे मोठे कारण आहे.

धातू कोणता, हे कसे ओळखाल?

न घासता, न खरवडता एवढे पाहा:

- लोखंड: तांबूस-तपकिरी गंज, पापुद्रे, फोड. चुंबक चिकटते. पूर्ण गंजून गेलेल्या लोखंडाला मात्र ते नीट चिकटत नाही.
- तांबे, पितळ, कासे: हिरवा किंवा काळपट-हिरवा कळंक. चुंबक चिकटत नाही. कळंकाखालचा रंग तांब्याचा लालसर आणि पितळेचा पिवळा असतो.
- चांदी: काळी किंवा करडी पुटे. चांदीत तांबे बरेच असेल तर वर हिरवटपणाही येतो. त्यामुळे हिरवी दिसते म्हणून चांदी नाही, असे ठरवू नका.
- सोने: शतकानुशतके मातीत राहूनही पिवळेच राहते.
- शिसे: पांढुरके-करडे, मऊ, आकाराच्या मानाने फार जड.
- ॲल्युमिनियम: हलके आणि करडे. आपल्याकडे ते विसाव्या शतकातलेच समजा.

वस्तू भक्कम असेल आणि तिच्यावर पावडरसारखी पुटे नसतील तर घनता मोजून पाहता येते. सराफाकडे असतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागतो. आधी वस्तूचे कोरडे वजन करा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. वस्तू दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. आता दिसणाऱ्या आकड्याने कोरड्या वजनाला भागा.

राणीच्या छापाचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा असतो. तो पाण्यात लोंबकळवला की काट्यावर १.१३ च्या आसपास आकडा येतो, म्हणजे घनता साधारण १०.३. त्याच वजनाची पितळी नक्कल असेल तर आकडा १.३७ च्या पुढे जातो आणि घनता साडेआठच्या आत येते. शुद्ध धातूंचे आकडे असे: लोखंड ७.९, तांबे ८.९, चांदी १०.५, शिसे ११.३, सोने १९.३. लोखंडी वस्तूला ही कसोटी लावू नका. पाण्याने तिचा गंज वाढतो.

वस्तू कोणती? नेहमी सापडणारे प्रकार

शेतीची आणि गाडीची लोखंडी अवजारे. सापडणाऱ्या लोखंडात यांचाच भरणा असतो: नांगराचा फाळ, कुळवाची पास, खुरपे, विळा, बैलगाडीच्या चाकाची धाव, आखाचा तुकडा. घोड्याची नाल एकसंध, कमानीसारखी असते. बैलाचा खूर दुभंगलेला असल्याने त्याची पत्री अर्धी, चपटी असते. चौकोनी छेदाचा खिळा हाताने घडवलेला, तर गोल तारेचा खिळा कारखान्यातला. वेल्डिंगचा सांधा दिसला की वस्तू विसाव्या शतकातली. अशा सुट्या अवजारांसाठी घाबरून जायचे कारण नाही.

विदर्भातल्या वाचकांनी मात्र एक काळजी घ्यावी. नागपूर जिल्ह्यात जुनापाणी, माहूरझरी, नायकुंड अशा ठिकाणी दगडांच्या वर्तुळांत लोहयुगातली दफने आहेत. त्यांत लोखंडी हत्यारे, घोड्यांचे साज, तांब्याच्या वस्तू मिळाल्या आहेत. शेतात मोठ्या दगडांचे वर्तुळ असेल आणि तिथे लोखंड निघाले, तर ते जुने अवजार समजून बाजूला टाकू नका.

तांब्याची नाणी. महाराष्ट्रात शिवराई सर्वांत जास्त सापडते. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा दिवा नाण्याच्या अगदी बाजूने, आडवा धरा. सपाट वाटणारी अक्षरे सावलीने उठून दिसतात. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’ असा मजकूर असतो. बहुतेक नाण्यांत छापा मध्यभागी बसलेला नसतो, त्यामुळे एखादे अक्षर कडेबाहेर गेलेले असते. इथेच बहुतेकांची गल्लत होते. ‘श्री राजा शिव’ वाचता आले म्हणजे नाणे शिवाजी महाराजांच्या हयातीतले, असे होत नाही. हाच मजकूर पुढे पेशवाईत आणि त्यानंतरही पाडला जात होता. ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्या मध्ये दोन आडव्या रेघा असलेली ‘दुदांडी’ शिवराई उशिराची आहे. ‘शिव’ऐवजी ‘सिव’ दिसले तर तेवढ्यावरून काळ ठरवू नका.

चांदीची नाणी. वेड्यावाकड्या चौकोनी तुकड्यावर वेगवेगळे छोटे ठसे दिसले तर ते आहत नाणे असू शकते. ही भारतातली सर्वांत जुनी नाणी. फारसी अक्षरे दिसली म्हणून नाणे मुघलांचेच समजू नका. मराठ्यांच्या टांकसाळीतले अंकुशी, चांदवडी रुपयेही मुघल बादशहाच्या नावाने आणि फारसी मजकुराचे असत. अंकुशाची खूण शोधा. कोकणात मधोमध दुमडलेली, ठोकून चपटी केलेली चांदीची तार मिळाली तर ती आकड्याचा तुकडा म्हणून टाकू नका. सोळाव्या-सतराव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर चालणारी ‘लारी’ अशीच दिसते. विजापूरच्या आदिलशहानेही ती पाडली होती.

शिशाची आणि मिश्रधातूची नाणी. पैठण, तेर, नेवासा, जुन्नर, भोकरदन या भागांतल्या पांढरीत सातवाहनांची नाणी मिळतात. एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला अधिक चिन्हाने जोडलेली चार वर्तुळे, ही त्यांची ठळक खूण. त्यांतली शिशाची नाणी मऊ असतात आणि नखाने खरवडली तरी बिघडतात.

अलीकडची नाणी. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ मधला. ‘नया पैसा’ १९५७ पासूनचा. १९४७ चा रुपया निकेलचा असल्याने चुंबकाला चिकटतो. तो चांदीचा नाही म्हणून खोटा ठरत नाही.

टाक, मूर्ती, पूजेची भांडी. पत्र्यावर ठोकून उठवलेला खंडोबा, देवी किंवा वीर म्हणजे देव्हाऱ्यातला टाक. जीर्ण टाक विसर्जित करण्याची रीत असल्याने नदीपात्रात ते अधूनमधून मिळतात. ओतीव धातूची मूर्ती ही गोष्ट वेगळी. ती नेहमी गंभीरपणे घ्या आणि कळवा.

ताम्रपट. आयताकृती तांब्याचे पत्रे, कडीत ओवलेले, कडीवर मुद्रा. वाकाटक, राष्ट्रकूट, शिलाहार अशा राजांनी दिलेल्या जमिनींच्या सनदा याच रूपात आहेत. कडी कापू नका, पत्रे सुटे करू नका. मुद्रा आणि पत्रे एकत्र असणे हाच त्यांच्या अस्सलपणाचा मोठा पुरावा असतो. भंगाराच्या भावाने गेलेला ताम्रपट म्हणजे गावाचा कायमचा पुसलेला इतिहास.

हे मुळीच करू नका

- चिंच, लिंबू, राख, भांडी घासायची पावडर, ब्रश, आम्ल यांपैकी काहीही वापरू नका. चकाकी येते, अक्षरे जातात.
- नाण्यांचा गठ्ठा गंजाने चिकटला असेल तर सुटा करू नका. त्यांचा क्रम आणि शेजारही अभ्यासकाला माहिती देतो.
- मडक्यातली माती फेकू नका. मडके फुटलेले असले तरी सगळी खापरे ठेवा.
- फिकट हिरवी भुकटी सुटताना दिसली तर वस्तू कोरडी ठेवा. क्षारांमुळे होणारी ही झीज ओलाव्याने वाढते.
- विहिरीतून ओली निघालेली, लाकूड किंवा चामडे चिकटलेली वस्तू उन्हात वाळवू नका. ओल्या कापडात गुंडाळून लवकर तज्ज्ञांकडे पोहोचवा.
- ‘किती कॅरेट आहे’ ते पाहायला सोनाराकडे कापायला किंवा वितळवायला देऊ नका.

कायदा काय सांगतो?

जमिनीत दडलेली मौल्यवान वस्तू सापडली तर भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ लागू होतो. दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीची वस्तू कळवणे बंधनकारक आहे. मर्यादा एवढी कमी असल्याने कोणतेही जुने नाणे, दागिना, मूर्ती किंवा ताम्रपट तिच्यात बसतो असे धरून चाला.

कळवण्याच्या पायऱ्या

१. जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज करा. वस्तू काय, किती, अंदाजे किंमत, सापडल्याचे ठिकाण आणि तारीख लिहा. फोटो आणि सातबाराची प्रत जोडा.
२. प्रत्यक्ष कोणाच्या हाताला वस्तू लागली, हे स्पष्ट लिहा. कायद्याने सापडणारा आणि जागेचा मालक वेगळे धरले आहेत.
३. वस्तू जवळच्या शासकीय कोषागारात जमा करा, किंवा मागतील तेव्हा हजर करण्याची हमी जिल्हाधिकाऱ्यांना द्या. तहसीलदार, तलाठी किंवा पोलिसांनी वस्तू ताब्यात घेतली तर पंचनाम्यात संख्या, वजन आणि वर्णन लिहून घ्या.
४. अर्जाची शिक्का मारलेली पोच जपून ठेवा.
५. अर्जाची प्रत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयालाही पाठवा. त्याचे मुख्यालय मुंबईत सेंट जॉर्ज किल्ल्यात आहे.

तुमचा हक्क किती?

- जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढून दावे मागवतात. दाव्यांसाठी ठेवलेला दिवस सूचनेनंतर चार ते सहा महिन्यांच्या आत असतो.
- गेल्या शंभर वर्षांत आपण किंवा आपल्या पूर्वजाने ही वस्तू पुरली, असे म्हणणारा कोणी पुढे आला तर त्याला दिवाणी दावा लावण्याची मुदत मिळते.
- वस्तू बेवारस ठरली आणि जागामालकाशी वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागामालकाचा.
- सरकारला वस्तू हवी असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक रक्कम द्यावी लागते. किंमत एक लाख ठरली तर एक लाख वीस हजार. त्यांतले नव्वद हजार सापडणाऱ्याचे, तीस हजार जागामालकाचे.
- वस्तू दडवली तर तुमचा वाटा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. दडवण्यास साथ देणारा जागामालकही शिक्षेस पात्र ठरतो.

शेत जाण्याच्या भीतीने अनेकजण गप्प बसतात. या कायद्यात वस्तू घेण्याची तरतूद आहे, जमीन घेण्याची नाही. एखादी जागा केंद्राला संरक्षित करायची असेल तर वेगळी अधिसूचना काढावी लागते आणि हरकतींसाठी दोन महिने द्यावे लागतात.

पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ हा दुसरा महत्त्वाचा कायदा. शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी, मूर्ती, धातूच्या कलावस्तू ‘पुरावशेष’ ठरतात. त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. घरात वडिलोपार्जित जुनी धातूची मूर्ती असेल तर तिची नोंदणी करावी लागते. परदेशी नेण्यास खासगी व्यक्तीला बंदी आहे आणि शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद. परदेशातल्या मुलाच्या बॅगेत ‘आठवण’ म्हणून जुनी नाणी घालू नका.

मेटल डिटेक्टर घेऊन बाहेर पडणार असाल तर

- संरक्षित किल्ले, लेणी, मंदिरे आणि त्यांचा परिसर पूर्ण वर्ज्य. केंद्रीय संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. रायगड, राजगड, शिवनेरी, साल्हेर यांच्यासह महाराष्ट्रातले अकरा किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. तिथे उकरलेली प्रत्येक मूठ माती हा वारशावरचा घाव आहे.
- पांढरीची टेकाडे, जुन्या गढ्या, ओसाड गावठाणे इथे खणू नका. संरक्षणाची पाटी नसली तरी ती पुरातत्त्वीय स्थळे असू शकतात.
- दुसऱ्याच्या शेतात मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पाऊल ठेवू नका. सापडलेल्या वस्तूच्या वाट्याचा करार आधीच कागदावर करा.
- नांगराच्या थराखाली, म्हणजे वीतभरापेक्षा खोल संकेत मिळाला तर खणू नका. ठिकाण नोंदवा आणि कळवा.

फसवणुकीपासून सावध

- ‘राइस पुलर’: तांदूळ ओढून घेणारे तांब्याचे भांडे, त्यात इरिडियम, परदेशी कंपनी कोट्यवधी देणार. हा सगळा बनाव आहे. ‘चाचणी’च्या नावाखाली पैसे घेतात आणि नाहीसे होतात.
- रामदरबार, हनुमान यांची चित्रे आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव असलेली ‘१८१८ ची’ नाणी: कंपनीने अशी नाणी कधीच काढली नाहीत.
- समाजमाध्यमांवरचे ‘जुने नाणे द्या, लाखो घ्या’: नोंदणी शुल्क, कर, कुरिअर अशा नावांनी आधी पैसे मागितले की समजा, जाळे आहे.
- गुप्तधन काढून देणारे मांत्रिक: धन शोधण्यासाठी केलेली अघोरी कृत्ये महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. अशा माणसाची माहिती पोलिसांना द्या.

परदेशातल्या मराठी वाचकांसाठी

ब्रिटनमध्ये डिटेक्टर घेऊन फिरणे हा रीतसर छंद आहे, पण जमीनमालकाची परवानगी लागते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ च्या ट्रेझर ॲक्टनुसार ठरावीक सोन्याचांदीच्या जुन्या वस्तू चौदा दिवसांत कळवाव्या लागतात. इतर वस्तू पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या स्थानिक अधिकाऱ्याला दाखवल्या की ओळख पटवून नोंद होते. स्कॉटलंडचे नियम वेगळे आणि अधिक कडक आहेत. अमेरिकेत केंद्र सरकारच्या जमिनीवरून शंभर वर्षांपेक्षा जुन्या पुरातत्त्वीय वस्तू विनापरवाना उचलणे गुन्हा आहे.

ओळख पक्की कुणाकडून करून घ्यावी?

फोटो आणि नोंदी घेऊन पुण्याचे डेक्कन कॉलेज, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय किंवा नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेशी संपर्क साधा. वस्तू प्रत्यक्ष पाठवण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांकडे कळवलेले असू द्या. ‘किंमत किती’ हे विचारण्याआधी ‘हे काय आहे’ ते विचारा.

नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा मिळाला. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. ती नाणी अभ्यासकांच्या नजरेखालून गेली म्हणून सातवाहनांनी क्षत्रपांवर मिळवलेल्या विजयाचा धातूत कोरलेला पुरावा आपल्या हाती आला. तेव्हा सापडलेली वस्तू पुसू नका, वितळवू नका, दडवू नका. फोटो काढा, लिहून ठेवा आणि कळवा.